ऑक्सफर्ड ‘झालं’ म्हणजे काय?

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा मुलीकडे लंडनला राहायला गेलेल्या मराठी आईवडिलांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो: दोन दिवसांत ऑक्सफर्ड होतं का? उत्तरही तयार असतं. पॅडिंग्टन स्टेशनावरून गाडी तासाभरात पोचते, गावाचा जुना भाग पायी फिरण्याजोगा आहे आणि यादी कुणीही सांगेल: रॅडक्लिफ कॅमेऱ्याचा घुमट, बॉडलियन ग्रंथालयाचं आवार, हॅरी पॉटरमुळे गाजलेली क्राइस्ट चर्चची भोजनशाळा, ॲशमोलियन संग्रहालय, चेरवेल नदीतली होडी. तेव्हा होतं, आरामात होतं. पण या ‘होतं’कडे जरा थांबून पाहायला हवं. आपल्याकडे काशी होते, चारधाम होतात, अष्टविनायक होतात आणि महाबळेश्वरचे पॉइंटही होतात. क्रियापद एकच असलं तरी अर्थ दोन आहेत. काशी झाली म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी पुरं झालं. पॉइंट झाला म्हणजे यादीतल्या एका नावापुढे खूण झाली. ऑक्सफर्ड यांपैकी कोणत्या अर्थानं होतं, हा प्रश्न वरवर वेळापत्रकाचा वाटतो, पण आतून तो ज्ञानाचा आहे. एखादी गोष्ट ‘पाहिली’ असं म्हणण्याचा अधिकार कधी मिळतो? माझं म्हणणं असं की अडचण दोन दिवसांची नाही, यादीची आहे. थोड्या वेळात पूर्ण दर्शन घडू शकतं. मात्र ते भागांची बेरीज करून घडत नाही. ज्या एका भागात सगळं उतरलेलं असतं तो ओळखून त्याच्यापाशी थांबावं लागतं, आणि सहलीची आखणी म्हणजे खरं तर ही ओळख आधी करून घेणं.

या प्रश्नाला खुद्द ऑक्सफर्डमध्येच एक प्रसिद्ध उत्तर दिलं गेलं आहे. तिथले तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथात एक काल्पनिक पाहुणा उभा केला. त्याला कॉलेजं दाखवली जातात, ग्रंथालयं, मैदानं, संग्रहालयं, कचेऱ्या दाखवल्या जातात. सगळं पाहून झाल्यावर तो विचारतो, हे सगळं ठीक आहे, पण विद्यापीठ कुठे आहे? राइल म्हणतात, या पाहुण्याची चूक माहितीची नाही, कोटीची आहे. विद्यापीठ ही कॉलेजांच्या रांगेतली आणखी एक इमारत असावी असं तो धरून चालला. प्रत्यक्षात जे त्यानं पाहिलं त्याची एकमेकांशी जी घडण आहे, तिलाच विद्यापीठ म्हणतात. राइल यांना या दाखल्यातून मनाविषयी बोलायचं होतं: शरीराच्या हालचालींपलीकडे ‘मन’ नावाची वेगळी वस्तू शोधणारा माणूस याच पाहुण्यासारखा चुकतो, असं त्यांचं प्रतिपादन होतं. पण दाखला सिद्धान्तापासून सोडवून नुसता पाहुणा म्हणून वाचला, तर एक गोष्ट खटकते. राइल त्या पाहुण्याला हसतात, तरी त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही. यादीतलं सगळं पाहूनही काहीतरी पाहायचं राहिलं, हे त्याला जाणवलं आहे. बहुतेकांना तेही जाणवत नाही. घडण पाहायची तर ती चालू असताना पाहावी लागते, आणि हा पाहुणा बहुधा ऑगस्टमध्ये आलेला होता.

ऑगस्टचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ऑक्सफर्डचं शैक्षणिक वर्ष मायकेलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशा तीन सत्रांचं असतं, आणि प्रत्येक सत्राचा मुख्य भाग फक्त ८ आठवड्यांचा. म्हणजे ५२ आठवड्यांपैकी २४ आठवडे हे गाव ज्या अर्थानं विद्यापीठाचं असतं, त्या अर्थानं उरलेले २८ आठवडे नसतं. दर आठवड्याला निबंध लिहून एखाद्दुसऱ्या सोबत्याबरोबर शिक्षकासमोर बसायचं, वाचून दाखवायचं आणि प्रत्येक वाक्याचा जाब द्यायचा, ही तिथल्या शिक्षणाची जुनी रीत ऑगस्टमध्ये दिसत नाही. परीक्षेला काळा झगा घालून, कोटाला पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी आणि शेवटच्याला लाल कार्नेशन लावून जाणारी मुलं दिसत नाहीत. कॉलेजांच्या खोल्या सुट्टीत पाहुण्यांना भाड्यानं दिल्या जातात. गर्दी खूप असते, किंबहुना रस्त्यावर उभं राहायला जागा नसते, पण ती गर्दी दुसऱ्या गर्दीचे फोटो काढत असते. मग उन्हाळ्यातला पाहुणा पाहतो तरी काय? टाळे लावलेलं नाट्यगृह पाहून ‘नाटक पाहिलं’ म्हणण्यासारखं हे नाही का? आक्षेप जोरदार आहे आणि त्याला झटकून टाकणारं उत्तर देण्यात अर्थ नाही. त्यासाठी भाग आणि पूर्ण यांचं नातं नीट तपासावं लागेल, आणि ते काम राइल यांच्या कितीतरी शतकं आधी आपल्याकडच्या न्यायदर्शनानं केलेलं आहे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात एक शंका येते. झाड दिसलं असं आपण म्हणतो तेव्हा दिसते फक्त त्याची पुढची बाजू. मागची बाजू, मुळं, आतलं खोड दिसत नाही. मग ‘हे झाड आहे’ हे प्रत्यक्ष ज्ञान कसं? धूर पाहून अग्नी ओळखावा तसं हे अनुमानच झालं. यावर नैयायिकांचं उत्तर ठाम आहे. अवयवांहून निराळा असा ‘अवयवी’, म्हणजे पूर्ण, खरोखर अस्तित्वात असतो आणि तो आपल्या अवयवांत राहतो. म्हणून एक बाजू दिसली की झाडाचा तुकडा नव्हे, झाडच दिसतं. बौद्धांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते चाकं, आस, जू यांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेलं नाव म्हणजे रथ. या वादात पूर्वपक्षाकडून एक दाखला पुढे येतो: दुरून सैन्य किंवा वन एकच दिसतं, पण सुटे सुटे सैनिक आणि सुटी सुटी झाडं यांच्यापलीकडे तिथे काही नसतं, तसंच सगळ्या वस्तूंचं असेल. नैयायिक वनाबद्दल वाद घालत नाहीत, वन हा समूहच आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. पण झाडाला ते वनाच्या पंक्तीत बसू देत नाहीत. गंमत अशी की राइल यांनीही विद्यापीठानंतर दुसरा दाखला घेतला आहे तो संचलन करणाऱ्या सैन्याचाच. शिवाय न्यायाचं हे वास्तववादी मत आधुनिक तर्कभाषेत मांडणारे बिमल कृष्ण मतिलाल १९७६ ते १९९१ अशी १५ वर्षं ऑक्सफर्डमध्येच प्राध्यापक होते. तेव्हा आपला प्रश्न आता नेमका करता येतो. ऑक्सफर्ड हे झाड आहे की वन? झाड असेल तर दोन दिवसांत दिसलेली एक बाजू पुरे. वन असेल तर यादी जितकी लांब तितकं दर्शन जास्त, आणि दोन दिवस कधीच पुरायचे नाहीत.

मला वाटतं ते या दोन्हींत बसत नाही. वनातलं झाड वनाबाहेर एकटं उभं केलं तरी झाडच राहतं. विद्यापीठातल्या गोष्टींचं तसं नाही. पदवी देणारं कुणी नसेल तर काळा झगा म्हणजे नुसतं कापड, सत्र नसेल तर ‘पाचवा आठवडा’ या शब्दाला अर्थ नाही. तेव्हा ऑक्सफर्ड वन नव्हे. पण ते झाडही नव्हे, कारण झाड या क्षणी समोर सबंध उभं असतं आणि विद्यापीठ कुठल्याच क्षणी सबंध उभं नसतं. त्याला आपल्याकडे एक चांगला शब्द आहे: वहिवाट. शेतातली वाट कागदावर नसली तरी पिढ्यान् पिढ्या माणसं चालत आली म्हणून ती वाट असते. चालणं थांबलं की तिथे गवत माजतं. ऑक्सफर्डला स्थापनेचं निश्चित वर्ष नाही, हे इथे सूचक आहे. १०९६ च्या सुमारास तिथे अध्यापन चालल्याच्या खुणा आहेत, ११६७ नंतर इंग्लिश विद्यार्थ्यांना पॅरिसला जायची बंदी झाली तेव्हा ते वाढलं. पण अमुक दिवशी कोनशिला बसली असं नाही. लोक शिकवत-शिकत राहिले आणि वाट पडली. आता वहिवाटीचं एक वैशिष्ट्य असं की तिचा प्रत्येक वापर स्वतःपुरता पूर्ण असतो. वीट ही भिंतीचा तुकडा असते, पण आज तिन्हीसांजेला लावलेला दिवा हा दिवेलागणीचा तुकडा नसतो. ती अख्खी दिवेलागण असते. बॉडलियनमध्ये नवा वाचक आजही शपथ घेतो की ग्रंथालयातून काही नेणार नाही, आत आग आणणार नाही, पेटवणार नाही. १६०२ साली उघडलेलं हे ग्रंथालय पुस्तकं बाहेर देत नाही, आणि १६४५ साली खुद्द राजा पहिल्या चार्ल्सनं पुस्तक मागितलं तेव्हा त्यालाही ते मिळालं नाही. आज एखादी मुलगी ती शपथ मोठ्यानं वाचते तेव्हा राजाला नकार देणारा नियम जसाच्या तसा चालू होतो. जो हे समजून पाहतो त्यानं नियमाची एक बाजू पाहिलेली नसते, नियमच पाहिलेला असतो.

‘समजून’ हा शब्द इथे सगळा भार उचलतो, आणि तो कसा उचलतो हे पंढरपूरच्या वाटेवर जास्त स्पष्ट दिसतं. आळंदीहून निघालेला वारकरी जवळजवळ तीन आठवडे चालतो. आषाढीला विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळालं तर ते काही क्षणांपुरतं. बडव्यांच्या काळात असो वा आज, मागचा माणूस पुढे ढकलतच असतो. हजारोंना तेवढंही मिळत नाही. ते कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परत फिरतात. नुसती बेरीज करणाऱ्याला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटेल: एवढी पायपीट आणि पाहिला काय, तर लांबून दिसणारा शिखराचा शेंडा. पण वारकरी संप्रदाय कळसदर्शनाला उणं दर्शन मानत नाही. त्याचं कारण भाबडेपणा हे नाही. ज्याला कळस कशाचा हे ठाऊक आहे, जो त्या कळसाकडे नाव घेत चालत आला आहे, त्याच्या दृष्टीत कळस हा मंदिराचा तुटका भाग म्हणून येतच नाही. नैयायिकाच्या झाडासारखा तो अवयवीसह येतो. तोच कळस हमरस्त्यावरच्या बसमधून एखाद्याला दिसला तर तो खरोखरच दगडाचा एक भाग असतो. फरक डोळ्यांत नाही, मागच्या तीन आठवड्यांत आहे. थोडक्या वेळाच्या भेटीला पूर्णता येते ती अशी, भेटीच्या आधी केलेल्या चालण्यानं. ऑक्सफर्डला जाणाऱ्यानं उपास करावा असं मी म्हणत नाही. पण ‘आखणी’ या शब्दात तिकिटांच्या आरक्षणापेक्षा बरंच काही मावतं, एवढं या उदाहरणावरून दिसावं.

मग ऑक्सफर्डचा कळस कोणता? एकच असेल असं नाही, पण जवळून पाहण्यासारखा एक सांगतो. क्राइस्ट चर्च कॉलेजच्या दरवाज्यावर क्रिस्टोफर रेन यांनी १६८० नंतरच्या दोनेक वर्षांत बांधलेला टॉम टॉवर आहे आणि त्यात ‘ग्रेट टॉम’ नावाची सहा टनांहून जड घंटा आहे. ती रोज रात्री १०१ ठोके देते. नऊ वाजता नव्हे, नऊ वाजून ५ मिनिटांनी. ठोके १०१ का? कॉलेजच्या मूळ रचनेत विद्यार्थ्यांच्या जागा १०० होत्या, सतराव्या शतकात एका देणगीतून एकाची भर पडली. प्रत्येकाच्या नावचा एक ठोका. घंटा कशासाठी? रात्री दरवाजे बंद होण्याची ती खूण होती. आता आत या, नाहीतर बाहेर राहा. आणि ५ मिनिटं उशिरा का? ऑक्सफर्ड ग्रिनिचच्या पश्चिमेला सव्वा अंशावर आहे, आणि दर अंशाला सूर्य ४ मिनिटं मागे पडतो. रेल्वे आली, देशभर एक घड्याळ झालं, पण या घंटेनं ऑक्सफर्डचे खरे नऊ सोडले नाहीत. मुंबईकराला यात नवल वाटू नये. प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ त्या शहरानंही १९५५ पर्यंत सांभाळली होती. आता ऑगस्टचा विचार करा. ज्यांच्या नावानं ठोके पडतात त्या जागांवरचं कुणी गावात नाही. दरवाजे त्या ठोक्यांबरोबर मुलांना कोंडत नाहीत, त्या प्रथेला जाऊन काळ लोटला. तरी घंटा सगळे १०१ ठोके देते, एकही कमी नाही. गैरहजर विद्यार्थ्यांची रोजची हजेरीच म्हणा. सुट्टीतल्या ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठ दिसत नाही, या आक्षेपाला माझं उत्तर इथे आहे: वहिवाट माणसं नसतानाही आपली जागा धरून ठेवते, आणि ती कशी धरून ठेवते हे भरल्या सत्रापेक्षा रिकाम्या सुट्टीतच नीट दिसतं. घरातला माणूस गावाला गेल्यावर त्याचं ताट, त्याची खुर्ची कोण कशी सांभाळतं त्यावरून त्या घराचं कळतं, तसं.

यावर कुणी म्हणेल, ही निवडच लबाडीची आहे. घंटा, झगे, शपथा ही जुन्या कॉलेजांची शोभेची दारू. पर्यटकांना आवडते म्हणून ती जपली जाते. आजचं ऑक्सफर्ड प्रयोगशाळांत आहे. या आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मी सरळ मान्य करतो. कोविडच्या साथीत ज्या लशीचं काम ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलं आणि जी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं ‘कोविशील्ड’ म्हणून बनवली, ती मराठी मुलखात दंडादंडात पोचली. ऑक्सफर्ड असं आपल्याकडे येऊन गेलं, आणि ग्रेट टॉमच्या ठोक्यांत ते ऐकू येत नाही. कुठलाही एक भाग सगळंच सांगेल असा माझा दावा नाही. तो पूर्णाचं काम कसं चालतं ते सांगेल, एवढाच आहे. पण पहिल्या अर्ध्या भागाला कसोटी लावता येते. कुणी पाहत नसतानाही जे केलं जातं, किंवा पाहणाऱ्याची गैरसोय करून जे केलं जातं, ते शोभेचं नसतं. क्राइस्ट चर्चची भोजनशाळा घ्या. पाहुणे तिथे सिनेमातली जादूची शाळा शोधायला जातात, आणि ती अधूनमधून बंद असली की हिरमुसतात. ती बंद असते कारण आत माणसं जेवत असतात. उघड्या भोजनशाळेतून रांगेनं फिरून आलेल्याला लाकडी छत आणि तसबिरी दिसल्या. बंद दरवाज्यापाशी थांबलेल्याला ही जागा अजून पंगतीची आहे हे कळलं. कॉलेजांच्या दारांवर टांगलेल्या ‘अभ्यागतांसाठी बंद’ अशा पाट्यांबद्दलही हेच म्हणता येईल. यादी करणाऱ्याला त्या पाट्या अडथळा वाटतात. पाहायला आलेल्यासाठी त्या साक्ष आहेत.

बंद दारांना असं गोंजारण्यात मात्र एक धोका आहे, आणि इथला आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. दार बंद असण्याचं कौतुक ज्याला तासाभरानं आत जाता येणार आहे त्यालाच परवडतं. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये गेल्या. १८९२ साली त्यांनी कायद्याची बीसीएल परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण पदवी मिळाली नाही, कारण विद्यापीठ स्त्रियांना पदवी देतच नव्हतं. तो नियम १९२० साली बदलला आणि सोराबजींना पदवी मिळायला १९२२ साल उजाडलं. ३० वर्षं. ग्रेट टॉमचे ठोके त्यांच्याही कानावर पडत होते, पण मोजणीत त्या नव्हत्या. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराच्या बाहेर आहे आणि मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं, हे विसरून कळसदर्शनाचं तत्त्वज्ञान सांगता येणार नाही. कळस दुरून पाहणं हा काहींसाठी भक्तीचा प्रकार होता तेव्हाच दुसऱ्यांसाठी ती शिक्षा होती. तसंच गावाचंही. १३५५ साली एका दारूच्या गुत्त्यातल्या भांडणातून विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात दंगल पेटली, कित्येक विद्यार्थी मारले गेले, आणि त्याचं प्रायश्चित्त गावाच्या महापौरानं दरवर्षी घ्यायचं असं ठरलं. ते १८२५ पर्यंत चाललं. आज बसनं थोडं पूर्वेला गेलं की काउली लागतं, तिथे १९१३ पासून मोटारी बनताहेत, आणि त्या कामगारवस्तीचा यादीत उल्लेख नसतो. या आक्षेपानं माझा मुद्दा मोडत नाही, पण त्याला एक अट लागते. पूर्णाची ओळख पटवणारा भाग निवडताना दाराची बाहेरची बाजूही त्यात असली पाहिजे. घंटा मला म्हणूनच पटते: तिच्या आवाजाला भिंत नाही. आतल्यांना आणि बाहेरच्यांना ती एकदमच ऐकू येते, आणि दोघांना वेगवेगळं सांगते.

उलट्या बाजूनं विचारता येईल: एवढं सगळं आधीच वाचून जायचं तर जायचंच कशाला? समजणं हे मागच्या तयारीत असेल तर भेट ही नुसती मोहोर उमटवणं झाली. इथेही ऑक्सफर्डचंच उदाहरण हाताशी आहे. मॅक्स म्यूलर यांनी त्या गावात बसून सायणभाष्यासह ऋग्वेद छापून आणला, १८४९ ते १८७४ अशी २५ वर्षं घालवून. आणि भारतात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट, ज्यांनी रचलेलं एक स्मारक ऑक्सफर्डच्या भर रस्त्यात उभं आहे, तेही मुंबईला न येताच तो काढून मोकळे झाले. दोघांचं काम टिकलं. न जाता जाणणं शक्य आहे, हे नाकारून चालणार नाही. पण या दोघांजवळ एक गोष्ट नव्हती. वाचलेला देश वाचणाऱ्याला अडवत नाही. पान मिटलं की तो थांबतो, दोन पानं गाळली तर तक्रार करत नाही, आणि आपण लावलेला अर्थ चुकीचा असेल तर वळून तसं सांगत नाही. प्रत्यक्ष जागा अडवते. ती बंद असते, भिजवते, वाट चुकवते. १०१ ठोके वाचायला एक क्षण लागतो. ऐकायला मात्र मिनिटांमागून मिनिटं जातात आणि ती आपल्या सोयीनं आवरती घेता येत नाहीत. पन्नासाव्या ठोक्याच्या सुमारास बहुतेकांचा हात खिशातल्या फोनकडे जातो. नेमकं तिथे कळतं की आपण पाहायला आलो होतो की उरकायला. तयारीशिवायची भेट आंधळी असते हे खरं, पण भेटीशिवायच्या तयारीला कुणी दुरुस्त करणारं नसतं.

शेवटचा आक्षेप सर्वांत साधा आणि म्हणून सर्वांत चिवट आहे. सुट्टी आहे, मजेत घालवू द्या; न्यायसूत्रं कशाला? मजा करायला माझी हरकत नाही. होडीत बसावं, १७७४ पासून चालू असलेल्या कव्हर्ड मार्केटमध्ये काहीतरी खावं, ॲशमोलियनमध्ये फुकट प्रवेश आहे म्हणून पाऊस आला की घुसावं. पण यादी हाती धरून मजा होत नाही, हा कुणाचाही अनुभव आहे. दोन दिवसांत १४ ठिकाणं घेतली की प्रत्येक ठिकाणी पुढच्या ठिकाणाची घाई भेटते, आणि रात्री पाय दुखतात तेव्हा ‘झालं एकदाचं’ हेच शब्द तोंडून निघतात. यादीच्या जागी आपल्याकडे आखणीची एक जुनी पद्धत आहे, संकल्पाची. पूजेआधी सोडायच्या संकल्पात माणूस प्रथम आपण कुठे आहोत ते बारकाईनं म्हणतो, गोदावरीचा कोणता तीर इथपर्यंत. मग केव्हा, म्हणजे शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग आपण कोण. एवढा सगळा विस्तार झाल्यावर शेवटी कर्म मात्र एकच सांगितलेलं असतं. यादीत याच्या बरोबर उलट असतं: कर्मं १४ आणि देश-काळाचा पत्ता नाही. ऑगस्टमध्ये ऑक्सफर्डला जाणाऱ्याचा संकल्प असा होईल: गाव सव्वा अंश पश्चिमेचं, काळ मोठ्या सुट्टीचा, मुलं घरी गेलेली, मी कोण, तर ज्या मुलखातून एक मुलगी इथे येऊन ३० वर्षं पदवीची वाट पाहत राहिली तिथला, आणि पाहणार काय, तर एका दिवसाला एक गोष्ट. एक संध्याकाळ क्राइस्ट चर्चच्या कॅथीड्रलमधल्या गायनप्रार्थनेला द्यावी. सुट्टीत तिथलं गायकवृंद रजेवर असतं आणि बाहेरची वृंदं येऊन तीच रीत पुढे चालवतात. दुसरा दिवस काउलीच्या बाजूनं सुरू करून जुन्या गावात चालत शिरावं, दारं बाहेरून पाहत.

आणि त्या रात्री नऊच्या आसपास काही ठेवू नये. सेंट ॲल्डेट्सच्या पदपथावर, टॉम टॉवरच्या समोरच्या बाजूला उभं राहायला तिकीट लागत नाही. राइल यांचा पाहुणा तिथे शेजारी उभा असेल तर त्याचा प्रश्न आता हसण्यावारी न्यायचं कारण नाही, कारण त्याला दाखवता येण्यासारखं काहीतरी आहे. हातातलं घड्याळ नऊ वाजून ५ मिनिटं दाखवेल, वरून पहिला ठोका पडेल, आणि समोरून जाणारी बस, पाववाल्याच्या दुकानाचं उतरणारं शटर, कुठल्यातरी भाषेत मुलांना हाका मारणारा गट, यांतलं कुणीही मान वर करणार नाही. ठोके मोजत राहावं. मध्येच मोजणी चुकते, बहुतेकांची चुकते. चुकली तरी घंटेची चुकत नाही.